तबकडीवर नसलेली नावे

इंग्लंडातील एका वृद्ध संग्राहकाकडून आम्ही जॅझ संगीतावरील जुने संदर्भग्रंथ विकत घेतले हे ऐकून सौंसरमधील आमचे स्नेही प्रथम हसले आणि मग थोडे चिंतेत पडले. सौंसर कोठे, जॅझ कोठे! संत्री, कापूस, जामसावळीचा मारुती आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर होणारी गोटमार, एवढ्यात ज्या मुलखाची ओळख आटोपते, तेथे शिकागोच्या वादकांची नावे आणि तारखा असलेले जाडजूड ग्रंथ पौंड मोजून कोणी का मागवावेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र शिकागोपासून नव्हे, परासियापासून सुरू होते.

छिंदवाड्याच्या पलीकडे परासियाच्या बाजूस कोळशाच्या खाणी आहेत. इंग्रजी अमदानीत तेथे साहेबलोकांचे बंगले होते, आणि बंगला म्हटला की ग्रामोफोन आलाच. साहेब गेले, बंगले रिकामे झाले आणि सामान हातोहाती फिरत राहिले. अशाच एका फिरत्या पेटीतून काही वर्षांपूर्वी आमच्या हाती कोलंबिया कंपनीची एक तबकडी लागली. लेबलावर गीताचे नाव होते, ते कोणत्या नाचाच्या ठेक्याचे आहे हे होते आणि वाद्यवृंदाच्या पुढाऱ्याचे नाव होते : टेडी वेदरफर्ड. बस, एवढेच. पण तबकडी लावली तेव्हा मध्येच एका क्लॅरिनेटने पंचवीसएक सेकंद असे काही सांगितले की आम्ही सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. हा माणूस कोण? लेबल गप्प होते.

वेदरफर्डविषयी थोडे सांगितले पाहिजे. हा अमेरिकन निग्रो पियानोवादक (त्या काळचा शब्द, आज कृष्णवर्णीय म्हणावे हेच उचित) शिकागोतून निघून शांघायला गेला, तेथून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि युद्धकाळात कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात स्थिरावला. १९४५ साली तेथेच पटकीने त्याचा अंत झाला. त्याच्या आगेमागे या देशात जॅझ वाजविणाऱ्यांचा एक विलक्षण मेळा जमला होता : १९३५ साली ताजमध्ये आलेले लिऑन ॲबी यांचे पथक, गोव्याचे तुतारीवादक, आणि जपान्यांच्या स्वारीमुळे ब्रह्मदेश सोडून आलेले रंगूनचे वादक. त्यांची ध्वनिमुद्रणे आपल्याच देशात झाली. तबकडी ज्या लाखेची होते ती लाखही मध्य प्रांताच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून उतरत असे. म्हणजे वस्तू सर्वस्वी इथली. तीत वाजविणारे कोण, हे लिहून ठेवण्याचे कष्ट मात्र इथे कोणी घेतले नव्हते.

ग्रामोफोन कंपन्यांना त्याची गरज वाटत नव्हती, हे खरे कारण. कंपनीस विकायचे असे ते गीत आणि पुढाऱ्याचे नाव. बाकीचे आठ-दहा जण रोजंदारीचे. जॅझच्या चाहत्यांना हे पटेना, कारण त्या संगीतात जीव असतो तो नेमका या रोजंदारीवाल्यांच्या तीस-तीस सेकंदांत. तेव्हा चाहत्यांनीच वह्या उघडल्या. कंपन्यांची जुनी पत्रके, वादकांच्या मुलाखती, तबकड्यांवरील क्रमांक हे सारे जुळवून पॅरिसच्या शार्ल दलोने यांनी १९३६ साली 'हॉट डिस्कोग्राफी' प्रसिद्ध केली. 'डिस्कोग्राफी' म्हणजे ध्वनिमुद्रिकांची सूची. पुढे इंग्लंडात ब्रायन रस्ट यांनी १८९७ ते १९४२ पर्यंतच्या जॅझ तबकड्यांची अफाट सूची सिद्ध केली आणि १९४२ नंतरचे काम डेन्मार्कच्या येप्सेन यांनी अनेक खंडांत पुढे नेले. यांतील कोणासही विद्यापीठाने या कामावर नेमले नव्हते. वेड होते, आणि वेडाला शिस्त होती.

अशा सूचीतील नोंद कशी असते? आमच्याकडच्या वाचकांस खसरा सांगितला की समजेल (महाराष्ट्रातल्यांनी सातबारा म्हणावे). वर वाद्यवृंदाचे नाव. त्याखाली कोणी कोणते वाद्य वाजविले. मग गाव आणि तारीख. नंतर ओळीने प्रत्येक गीत, त्याचा मुद्रणक्रमांक, आणि ते कोणत्या देशात कोणत्या क्रमांकाने विकले गेले. हा मुद्रणक्रमांक, ज्यास जाणते 'मॅट्रिक्स' म्हणतात, तो लेबलाच्या क्रमांकाहून निराळा. एकच गीत वादकांनी त्या दिवशी तीनदा वाजविले असेल तर मूळ क्रमांक तोच राहून पुढची खूण बदलते. दोन घरांतील दोन तबकड्या दिसावयास सारख्या, पण खूण वेगळी असेल तर ऐकू येणारे वादनही वेगळे! शेताचा बांध कोठे आहे यावरून भांडणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. या खुणेवरून भांडणारी माणसे इंग्लंडात असतात, आणि दोन्ही भांडणांतील आवेश सारखाच असतो.

हे ग्रंथ आम्हांस सौंसर, पांढुर्णा किंवा छिंदवाड्याच्या कोणत्याही वाचनालयात मिळाले नाहीत आणि नागपुरातही नाहीत. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून मराठी पुस्तक असो की इंग्रजी, हवे ते सीमेपलीकडून आणण्याची सवय आम्हांस आहेच. या खेपेस सीमा जरा लांबची होती इतकेच. पूर्वी तर परदेशी पुस्तकासाठी परकीय चलन मिळविणे म्हणजे दिव्य होते. १९४८ साली निघालेली 'युनेस्को'ची कुपने हा त्यावर एक उपाय असे. आज चलनाची ती अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती टपालाची. अमेरिकेच्या टपालखात्याने समुद्रमार्गे परदेशी पाठविण्याची स्वस्त सोय २००७ साली बंद केली, आणि तेव्हापासून तेथील जड पुस्तक विकत घेणे म्हणजे घोड्यापेक्षा नालाला अधिक पैसे देणे झाले. त्यातच २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसले. म्हणून आम्ही इंग्लंडकडे वळलो, आणि व्यापाऱ्याऐवजी संग्राहकाकडे.

पुस्तके स्वस्त का झाली, तेही सांगावे. कॅनडाच्या टॉम लॉर्ड यांची प्रचंड जॅझ-सूची १९९२ पासून खंडाखंडाने निघाली आणि पुढे संगणकावर आली. जे एका बोटाने सापडते त्यासाठी फळीभर जागा कशास अडवावी, असे संग्राहकांच्या मुलासुनांस वाटू लागले. आमचे विक्रेते ऐंशीच्या पुढचे. पत्नी वारल्यावर मोठे घर सोडून दोन खोल्यांत राहावयास निघाले होते. त्यांनी आपल्या ग्रंथांची हाताने लिहिलेली यादी आम्हांस पाठविली. तीत दलोने यांची १९४८ ची न्यूयॉर्क आवृत्ती होती आणि रस्ट यांचे १९७८ चे दोन खंड होते. प्रत्येक पुस्तकापुढे त्याचे दोष स्पष्ट लिहिले होते : पाठीचा कणा सैल, चहाचा डाग, एक पान चिकटपट्टीने जोडलेले. मुलीचे स्थळ सांगताना इतका खरेपणा आम्ही ऐकलेला नाही.

जुना संदर्भग्रंथ दुरून घेताना काय विचारावे, याचा आमचा अनुभव असा. आवृत्ती आणि साल प्रथम. सूचीग्रंथात पाचवी आवृत्ती पहिलीपेक्षा उपयोगी, मग पहिली कितीही देखणी असो. पाने पूर्ण आहेत का, विशेषतः शेवटची, कारण नावांची अनुक्रमणिका तेथे असते आणि गळते तीच. बांधणी उघडून टेबलावर सपाट राहते का. आणि चौथा प्रश्न, जो व्यापारी दोष म्हणून सांगतो आणि आम्ही गुण म्हणून विचारतो : समासात पेन्सिलीने काही लिहिले आहे का?

या प्रश्नावर त्यांचे लांबलचक पत्र आले. चाळीस वर्षे ते रस्टच्या समासात लिहीत आले होते. एखादी तबकडी हाती आली की तिच्यावरील खूण छापील नोंदीशी ताडून पाहावयाची आणि फरक असल्यास टिपावयाचा. एका दुकानदाराने त्यांस सांगितले होते की हे सारे खोडून दिले तर किंमत जास्त येईल. त्यांनी दुकानदाराचा नाद सोडला. आम्हांस पुस्तके देताना त्यांच्या दोन अटी होत्या : पेन्सिल खोडावयाची नाही, आणि दोन खंडांची ताटातूट करावयाची नाही. पुस्तकांचे तीस पौंड ठरले, टपालाचे एकेचाळीस. आम्ही घासाघीस केली नाही. नागपूरच्या बाजारात जन्म काढलेल्या माणसास हे जड गेले, पण अटी ऐकल्यावर भाव करावासा वाटेना.

पुस्तके आली तेव्हा आम्ही आधी आपली क्लॅरिनेट शोधली. समासात बारीक अक्षरांत एक नाव होते, पुढे प्रश्नचिन्ह होते आणि ते नाव कशावरून सुचले तेही होते : याच वादकाची दुसरी एक तबकडी आणि तिच्यातील श्वास घेण्याची तऱ्हा. प्रश्नचिन्ह आहे तोवर ते नाव आम्ही येथे छापणार नाही. त्या गृहस्थांस ते आवडणार नाही. पण एवढे कळले की सौंसरच्या एका खोलीत जो प्रश्न आम्हांस पडला, तोच इंग्लंडातील एका खोलीत चाळीस वर्षांपूर्वी पडून गेला होता.

आता कोणी म्हणेल, हे झाले साहेबांच्या गाण्याचे. तसे नाही. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या १९५१ च्या 'अलबेला'तील गाणी आमच्या पिढीस पाठ आहेत. त्या गाण्यांत जी तुतारी थरारते तिच्यामागे चिक चॉकलेट उभे आहेत. मूळ नाव अंतोनिओ झेवियर वाझ, गाव गोव्यातील हळदोणे. चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. पण तबकडीचे लेबल वाचा : गायक, चित्रपट, फार तर संगीत दिग्दर्शक. गोव्याची ही माणसे स्वरलिपी लिहीत, वाद्यमेळ बांधीत आणि घरी जात. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा ग्रंथ लिहून त्यांतील अनेकांस नावानिशी परत आणले, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

आणि आपल्या मराठी तबकड्या? बालगंधर्वांच्या मंडळीत तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष होते, हे नाटकवेड्यांस मुखोद्गत असते. पण अमुक तबकडीवर तबला कोणाचा, हे तबकडी सांगत नाही. आपल्याकडील सर्वांत जुन्या, १८९९ ते १९०८ पर्यंतच्या ध्वनिमुद्रिकांची शिस्तशीर सूची केली ती मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संग्राहकाने. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने ती १९९४ साली छापली. परक्याने केली म्हणून लाज वाटावी की कोणी तरी केली म्हणून आनंद व्हावा, याचा आम्ही निर्णय केलेला नाही. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय रेकॉर्ड संग्राहकांच्या संस्थेने आणि तिचे सुरेश चांदवणकर यांनी मात्र लाज राखली. 'यंग इंडिया' या मुंबईच्या स्वदेशी छापाच्या, १९३५ ते १९५५ मधील तबकड्या त्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने जतन करून ठेवल्या.

पांढुर्ण्यास एका घरी गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत एक वही निघाली. आजोबा रेल्वेत होते. तबकड्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. वही उरली, कारण तिच्या मागच्या पानांवर संत्र्याच्या बागेचा हिशेब होता. पुढच्या पानांवर शाईने आखलेले रकाने : तबकडीचा क्रमांक, गायकाचे नाव, सीताबर्डीवर कोणत्या तारखेस घेतली, किती रुपये-आणे. शेवटचा रकाना 'साथ' असा. तो पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे, पण सतरा ओळींत भरलेला आहे, आणि दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह आहे. आजोबांनी ही नावे कोणास विचारली, हे घरात कोणास ठाऊक नाही. आम्ही ती वही बसून उतरवून घेतली आणि इंग्लंडच्या स्नेह्यांना सहज म्हणून दोन पानांची छायाप्रत पाठविली. मराठीचे अक्षर न वाचता येणाऱ्या त्या गृहस्थांनी उलट टपाली लिहिले की शेवटच्या रकान्यातील प्रश्नचिन्हे पाहून आपणांस फार बरे वाटले. त्यांच्याकडे येप्सेनचे चार खंड अजून आहेत. तेही त्यांनी आमच्यासाठी बाजूस ठेवले आहेत.

तेव्हा इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, बडोदे, हैदराबाद जेथे म्हणून हे मासिक जाते, तेथील वाचकांस एक विनंती. माळ्यावरील तबकड्या विकावयाच्या असतील तर खुशाल विका. पण त्याआधी एक वही घ्या. लेबलावरील सर्व मजकूर जसाच्या तसा, चुकांसकट, उतरवा. मग तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. लेबलाच्या कडेस, जेथे रेघा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर, बारीक आकडे आणि अक्षरे उमटलेली दिसतील. ती डोळ्यांना दिसली नाहीत तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा. दोन्ही बाजूंचे आकडे वेगळे असतात, दोन्ही लिहा. आणि घरातील कोणा वृद्धास साथीदाराचे नाव आठवत असेल तर तेही पेन्सिलीनेच लिहा, खात्री नसल्यास पुढे प्रश्नचिन्ह घालून.