ढेकूण, बाज आणि विषाची बाटली

१/ पंचतंत्रात एका राजाच्या बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची ऊ राहते. तिच्याकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजा गाढ झोपेपर्यंत थांबायचे, या अटीवर ती त्याला ठेवून घेते. पाहुण्याला धीर धरवत नाही. तो जागत्या राजाला डसतो आणि खाटेच्या फटीत शिरतो. सेवक दिवे घेऊन बिछाना धुंडाळतात. त्यांना ऊ सापडते आणि ती मारली जाते.

२/ ढेकणाचा पुढचा सारा इतिहास या गोष्टीत आधीच आलेला आहे. ढेकूण फटीत निसटतो आणि शिक्षा घरात राहणाऱ्यालाच होते. पूर्वी ही शिक्षा लाजेची होती. गेल्या पाऊणशे वर्षांत ती विषाची झाली.

३/ वर्धा शहराला लागून असलेले सावंगी (मेघे) हे आज अशा गोष्टीचे स्वाभाविक ठिकाण आहे. १९९० मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, रुग्णालय वाढले आणि गावाभोवती भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. देशभरातून विद्यार्थी येतात. यवतमाळ-चंद्रपूरकडून रुग्ण व त्यांचे नातेवाईक अंथरूण-पांघरूण घेऊन येतात. जिथे माणसांची व सामानाची सतत ये-जा असते, तिथे ढेकूण पोहोचतोच. तो उडत नाही, उडी मारत नाही. पिशवीच्या शिवणीत बसून प्रवास करतो. यात कोणत्याही एका इमारतीचा दोष नसतो.

४/ तरीही पहिला प्रश्न हमखास 'कुणी आणले?' हाच असतो. घरमालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू आधीच्या भाडेकरूकडे. जो बोलेल तोच अस्वच्छ ठरेल या भीतीने पहिले दोन महिने कुणीच बोलत नाही. वस्तुतः ढेकणाला घाणीचे आकर्षण नसते. त्याला शरीराची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि लपायला फट एवढेच हवे असते. घासूनपुसून लखलखीत ठेवलेल्या खोलीतही तो तितकाच सुखाने नांदतो.

५/ संस्कृत कवींनी त्याची थट्टा केली : विष्णू क्षीरसागरात आणि शिव हिमालयावर जाऊन झोपतो, तो ढेकणांच्या भयानेच. ढेकणाच्या संगतीत हिरासुद्धा भंगतो, ही समजूत तुकोबांच्या अभंगातही आली आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तर तेथील प्राण्यांच्या धर्मशाळेत ढेकूण-पिसवांचे पोट भरावे म्हणून एका गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवत, असे लिहून ठेवले आहे. (प्रवाशांच्या वर्णनांत तिखटमीठ असतेच, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.)

६/ घरगुती उपाय मात्र थट्टेचे नव्हते. विदर्भात बाज सुंभाने किंवा नवारीने विणलेली असे. वैशाखात ती अंगणात उभी करायची, ठाव्यांच्या भोकांत आणि सांध्यांत उकळते पाणी ओतायचे, दांड्याने ठोकायची, वाकळी दिवसभर उन्हात टाकायच्या. रात्री बाजेचे पाय पाण्याच्या किंवा रॉकेलच्या वाट्यांत ठेवायचे. रॉकेल सोडले, कारण त्याने घर पेटते, तर यातला प्रत्येक उपाय आजही शास्त्राच्या कसोटीला उतरतो.

७/ कारण ढेकूण उष्णतेला भितो. सुमारे ४८ अंश सेल्सिअसला तासदीड तास सापडला तर तो मरतो. अंडी अधिक चिवट असतात, ती झटपट मारायची तर ५५ अंशांच्या आसपास जावे लागते. उकळते पाणी हे काम क्षणात करते. वर्ध्याचे मे महिन्यातले ऊन पातळ वाकळीपुरते पुष्कळ मदत करते. जाड गादीच्या पोटात मात्र तेवढी उष्णता पोहोचत नाही. ढेकूण सरळ सावलीच्या बाजूला सरकतात.

८/ इथेच खरा बदल झाला आणि तो कुणाच्या लक्षातही आला नाही. बाज गेली, प्लायवूडचा बॉक्स-पलंग आला. वाकळ गेली, फोमची गादी आली. बॉक्स-पलंगाला शेकडो फटी असतात. त्यावर उकळते पाणी ओतता येत नाही, तो अंगणात नेता येत नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीला अंगणही नसते. उपाय हातातून गेले, तेव्हा माणूस बाटलीकडे वळला.

९/ ती बाटली आधी डीडीटीची होती. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी तिचा कीटकनाशक गुण ओळखला. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १९४७ मध्ये, पर्ल हार्बरच्या नौसैनिकांच्या बराकींत ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले होते. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी डीडीटी फवारली जाऊ लागली. डास मेले, ढेकूण मात्र चवताळून दिवसाढवळ्या भिंतीवर फिरू लागले. 'फवारणीने ढेकूण वाढतात' म्हणून पुष्कळ ठिकाणी लोक फवारणाऱ्यांना दारातून परत पाठवू लागले. या लोकांना अडाणी म्हटले गेले. त्यांचे निरीक्षण मात्र खरे होते.

१०/ डीडीटीनंतर सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे आली. 'टिक-२०' हे नाव मागच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी माणसाला आठवते, आणि ते ढेकणांमुळे नव्हे, तर वर्तमानपत्रांतल्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे. ढेकूण मारण्याचे औषध घरोघरी फडताळात बसले आणि दुःखाच्या क्षणी हाताशी आले. ज्या कीटकाने एकाही माणसाचा जीव घेतल्याचे सिद्ध झालेले नाही, त्याच्यासाठी घरात असे विष ठेवले गेले. (काळ्या आजाराचा आरोप १९०७ मध्ये पॅटन यांनी ढेकणावर केला होता, १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांच्या प्रयोगांनी वालुमाशी दोषी ठरली आणि ढेकूण सुटला.)

११/ आजचा धोका निराळा आणि अधिक मोठा आहे. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात शेताची औषधे प्रत्येक कृषी केंद्रात मिळतात. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आणि ती तर मोकळ्या शेतातली फवारणी होती. तसलेच औषध दहा बाय दहाच्या बंद खोलीत, गादीवर फवारून रात्री त्याच गादीवर निजणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

१२/ त्याहून भयंकर म्हणजे धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या राहत्या घरासाठी नाहीतच. 'गावाला जाताना ठेवून जा' असा सल्ला देणारा शेजारी भल्या हेतूचा असतो. पण मरतो तो भिंतीपलीकडे निजलेला.

१३/ मग करायचे काय? एका खोलीने एकट्याने लढायचे नाही, हे पहिले. आजूबाजूच्या, वरच्या-खालच्या खोल्या एकाच दिवशी तपासायच्या. हे काम घरमालकाचे आहे. भाडे इमारतीचे घेतले जाते, तर जबाबदारीही इमारतीचीच असली पाहिजे. कपडे-चादरी पिशवीत बांधूनच बाहेर न्याव्यात आणि उकळत्या पाण्यातून काढाव्यात. पलंग भिंतीपासून हातभर दूर ओढावा, त्याच्या फटींत वाफ द्यावी, भिंतीच्या भेगा बुजवाव्यात, गादीला सगळीकडून बंद होणारी खोळ घालावी. फवारणी लागलीच, तर परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी, औषधाचे नाव विचारावे आणि तो सांगेल तितका वेळ खोली रिकामी ठेवून मग खिडक्या उघडाव्यात.

१४/ आणि हे सारे आठदहा दिवसांनी पुन्हा करावे, कारण तोवर उरलेली अंडी फुटलेली असतात. बहुतेकांचा डाव याच टप्प्यावर हरतो. खाज थांबली की माणूस निश्चिंत होतो. ढेकूण मात्र रक्ताविना कित्येक महिने काढतो.

१५/ राहिली ती खोली सोडतानाची सवय. जुनी गादी पुढच्या विद्यार्थ्याला स्वस्तात देणे किंवा रस्त्याच्या कडेला ठेवून देणे. तिथून ती कुणीतरी उचलतोच. बहुधा रुग्णासोबत आलेला, फरशीवर झोपणारा नातेवाईक. त्या गादीत ढेकूण असतील, तर ती टाकण्यापूर्वी सुरीने फाडावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'ढेकूण' असे लिहावे.