उत्तनची निवांत वाट

गेल्या अंकांत आम्हीं थंडीच्या दिवसांतील आहाराचा विचार केला होता. नुसत्या आहारानें प्रकृति सुधारत नाहीं, त्याला विहाराची जोड हवी, हें सांगावयाचें तेव्हां जागेअभावीं राहून गेलें. तें आज सांगावयाचें आहे. परंतु त्याआधीं एक कबुली द्यावयाची आहे.

आमच्या धाकट्या सूनबाई सांगलीच्या. माहेरीं ज्या सायकलीवरून त्या कॉलेजांत गेल्या, ती त्यांनीं लग्नानंतर हौसेनें भाईंदरला आणली. चार वर्षें ती जिन्याखालीं धूळ खात उभी होती. नको म्हणणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतों. जुन्या विचारांचा हट्ट म्हणून नव्हे. आम्हांस रहदारीची भीति वाटे. २०११ च्या जनगणनेंत मीरा-भाईंदरची वस्ती आठ लक्षांवर गेली होती, आणि रस्ते मात्र बहुतेक जुनेच. सकाळीं नऊ वाजतां स्टेशनाबाहेर उभें राहून पाहावें, म्हणजे आमच्या भीतीस कोणी हंसणार नाहीं. सूनबाईंनीं वाद घातला नाहीं. मार्गशीर्षांतल्या एका संध्याकाळीं त्या एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, एक रविवार आपण बरोबर चला. मग आपण म्हणाल तसें."

पुण्यास शिकत असतां आम्ही रोज सायकल मारीत असूं. त्याला आतां चाळीस वर्षें होऊन गेलीं. आमच्या मंडळींनीं कपाळावर हात मारला. तरी पुतण्याची सायकल मागून घेऊन, कानटोपी चढवून, रविवारीं पहांटे साडेपांचास आम्ही दोघें निघालों.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा या गांवांतून जातो. पहिला दीड-दोन किलोमीटरचा तुकडा शहराचा. तेथें त्या वेळींहि दुधाच्या गाड्या आणि रिक्षा होत्याच. इमारतींची रांग संपली, आणि दोहों बाजूंस मिठागरांचें पाणी दिसूं लागलें. भरतीचें पाणी खाडींतून आंत घ्यावयाचें, एका वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडीत उन्हानें आटवावयाचें, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलें म्हणजे फळीनें ओढून बांधावर रास करावयाची, हा या किनाऱ्याचा जुना धंदा. त्या बांधांवर बगळे उभे होते. आपल्या चाकांचा आवाज आपल्यालाच ऐकूं येतो, ही गोष्ट आम्ही पार विसरून गेलों होतों.

मोर्व्याच्या पुढें मागून मोठा ट्रक आला. त्याच्या भोंग्यानें आमचा हात कांपला व सायकल कडेच्या मातींत उतरली. ट्रक गेल्यावर वळून पाहिलें, तों सूनबाई आमच्या मागें, किंचित् उजवीकडे, रस्त्याच्या आंगाला होत्या. तेव्हां ध्यानांत आलें कीं, घरापासून त्या तशाच चालल्या होत्या. आमच्या आणि रहदारीच्या मध्यें. आम्ही त्यांना संभाळण्यासाठीं आलों होतों! आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याहि बोलल्या नाहींत. पुढें आमच्या सायकलीची सांखळी उतरली, ती त्यांनींच बसविली आणि हात पानांना पुसले.

डोंगरीपासून धारावी बेटाची टेकडी लागते. (मुंबईच्या मध्यावरील धारावी ती निराळी.) डोंगरी, उत्तन, पाली, चौक या गांवांत पोर्तुगीज अमदानींत रुजलेली ख्रिस्ती वस्ती आहे; घरांपुढें क्रूस, आणि घरांत मराठीच बोली. रविवारची प्रार्थना सुटली होती. नऊवारींतल्या म्हाताऱ्या हातांत जपमाळ घेऊन घरीं परतत होत्या. रस्ता अरुंद, वळणांचा, ताडांच्या सांवलीचा. सायकलीनें जाणाऱ्याला गांव दिसतें, मोटारींतून जाणाऱ्याला फक्त वळणें दिसतात.

चौकास धारावी किल्ल्याची जागा आहे. तेथून खाडीच्या मुखापलीकडे वसई दिसते. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी अप्पांची मोहीम चालली, आणि मे १७३९ मध्यें किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. धारावी ज्याच्या ताब्यांत, त्याची नजर वसईच्या खाडीवर. म्हणून या बेटासाठीं दोन्ही पक्षांनीं रक्त सांडलें. पुस्तकांत हें वाचलें होतें, परंतु टेकडी चढतांना मांड्या दुखल्या तेव्हां तें समजलें.

उतरतांना उत्तनच्या किनाऱ्यावर पाणी मागण्यासाठीं थांबलों. बांबूंच्या वलांडींवर बोंबील सुकत होते. आमच्यासारख्यांच्या नाकाला तो वास जड, पण ज्यांच्या घरचा तो घास, त्यांच्यापुढें नाक मुरडणें हा असभ्यपणा. एका वृद्ध कोळिणीनें तांब्याभर पाणी दिलें आणि विचारलें, "कुठून आलांत?" आम्हीं सांगितलें, भाईंदरहून. त्या म्हणाल्या, "भाईंदरहून कचरा रोज येतो. माणसें कधींमधीं येतात."

त्या रागानें बोलल्या नाहींत, म्हणूनच तें अधिक लागलें. शहराचा कचरा गेलीं कित्येक वर्षें उत्तनच्या धावगी डोंगराकडे नेला जात आला आहे. त्याच्या धुराबद्दल व दुर्गंधीबद्दल तेथील लोकांनीं वारंवार गाऱ्हाणीं मांडलीं आहेत. हें वर्तमानपत्रांत आम्हीं वाचलें होतें आणि पान उलटलें होतें. आमच्या अकरा माणसांच्या स्वयंपाकघरांतून रोज जी भरलेली बादली खालीं जाते, ती कोठें जाते, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित घरांत कधीं कोणी विचारला नव्हता. ज्यांची शांति आम्ही लुटावयास गेलों, त्यांच्याच दारीं आमची घाण रोज पोंचत होती.

सायकलीवरील निवांत प्रवासाची आवड जगांत नवी नाहीं. ऑक्टोबर १९२३ मध्यें मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं तिघे ती पुरी करून १९२८ मध्यें परतले. फ्रान्समध्यें 'व्हेलोसिओ' या टोपणनांवाच्या पॉल द व्हिव्ही या गृहस्थानें सायकल-प्रवाशांसाठीं सात नियम घालून दिले. भुकेपूर्वीं खावें, तहानेपूर्वीं प्यावें, पार थकेपर्यंत चालवूं नये, आणि निव्वळ मिरविण्यासाठीं पायडल मारूं नये, असा त्यांतील कांहींचा आशय. याच गृहस्थाचा अंत १९३० सालीं ट्रामच्या धक्क्यानें झाला. तेव्हां रहदारीची भीति केवळ आमचीच नव्हे. परंतु त्याच देशानें पुढें काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. बोर्दो शहराजवळ द्राक्षमळ्यांतून व जुन्या खेड्यांतून जाणारा बंद पडलेला लोहमार्ग सायकलींसाठीं राखून ठेवला आहे. १९३७ च्या टूर द फ्रान्स शर्यतीचा विजेता रोजे लापेबी याचें नांव त्या वाटेस दिलें आहे. वाट धोक्याची असेल तर लेकीसुनांना घरांत ठेवणें हा एक उपाय. वाट नीट करून देणें हा दुसरा. चार वर्षें आम्हीं पहिलाच सोपा म्हणून धरला होता.

आपल्याकडे द्राक्षमळे पाहावयाचे तर नाशिक गांठावें लागेल. पण वेलींचीच हौस असेल तर खाडीपलीकडच्या वसईस नागवेलीचे मळे आहेत, आणि त्या वेलीचें पान आपल्या देवघरासहि चालतें. फेब्रुवारी १९२४ नव्हे, २०२४ मध्यें, भाईंदर ते वसई अशी वाहनें नेणारी रो-रो नौका सुरू झाली. महामार्गाच्या लांब वळशाऐवजीं पाण्यावरून सुमारें पाव तासाची वाट. पुढच्या रविवारीं आम्ही त्या वाटेनें वसईचा किल्ला, गिरीज आणि निर्मळचें शंकराचार्य मंदिर पाहावयास जाणार आहों. या खेपेस आमच्या मंडळी नौकेपर्यंत निरोप द्यावयास येतों म्हणतात. पुढल्या वेळीं कदाचित् नौकेंत बसतील.

ज्या वाचकांस असें निघावयाचें असेल, त्यांच्यासाठीं चार शब्द. रविवारीं सहाच्या आंत घर सोडावें व नवाच्या आंत परतावें. उशीर झाल्यास हीच वाट समुद्रावर जाणाऱ्या मोटारींनीं भरते. आदले रात्रीं हवा, ब्रेक आणि घंटी पाहून ठेवावी. पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा असावा, आणि डोक्यास शिरस्त्राण. जास्तीची ट्यूब, पाण्याची बाटली व दशम्या बरोबर घ्याव्या. दशमीचा कागद खिशांत घालून परत आणावा. पन्नाशी उलटलेल्यांनीं आधीं वैद्यास प्रकृति दाखवावी आणि चढावर खुशाल उतरून चालावें; त्यांत कमीपणा नाहीं. गांवांत शिरतांना वेग कमी करावा, कोणाच्या अंगणाचें छायाचित्र विचारल्याविना घेऊं नये. घरांतील नवख्या स्वाराबरोबर जाणता स्वार द्यावा; आणि जाणता कोण, हें वयावरून ठरवूं नये.

घरीं आलों तेव्हां मंडळी पोहे घेऊन बसली होती. आम्हीं सर्वांदेखत सूनबाईंना म्हटलें, "तुमची सायकल आतां जिन्याखालीं राहूं नये." त्या हंसल्या व म्हणाल्या, "मामंजी, आधीं बादलीचें बघूं या." त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरांत दोन बादल्या आहेत. भाजीचीं देंठें, सालीं व निर्माल्य गच्चीवरील कुंड्यांच्या खतांत जातें. आमच्या एका घरानें उत्तनच्या डोंगरावरचा भार किती हलका होणार, हें आम्हांस कळतें. तरी पुन्हां त्या दारीं पाणी मागावयाचें झाल्यास, तांब्या हातीं घेतांना मान थोडी वर करतां येईल, एवढें खरें.