ओढण्याइतकेच आवरणेही महत्त्वाचे

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे २-२ ट्रॉल्या धावू लागतात. ट्रॅक्टर ओझे ओढतो, म्हणजे तो त्या ओझ्यास योग्य आहे, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते ही समजूत घातक होय. सपाटीवर मागून येणारे ओझे उतारावर ट्रॅक्टरलाच पुढे ढकलते. म्हणून केवळ अश्वशक्ती न पाहता, भरलेली ट्रॉली आवरण्याइतके वजन व ब्रेक ट्रॅक्टरास आहेत की नाहीत, हे आधी पाहावे. ट्रॉलीसही स्वतःचे ब्रेक असावेत.

ट्रॉली मागील आसाच्या खालच्या पातळीवरील हुकासच जोडावी. ती वर जोडल्यास पुढील चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका असतो. जोडपिनेस अडकण व जोडणीस साखळी हवीच. रस्त्यावर दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र जोडावीत. उतारावर गिअर काढू नये.

झिजलेली पिन बदलण्याचा खर्च किरकोळ असतो. तो वाचवून चालकाचा व वाटसरूंचा जीव धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे. कारखान्यात पहिली मोळी पडण्यापूर्वीच ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक ट्रॉलीची जोडणी मालकासमक्ष तपासावी.