आधी स्त्रीपर्व, मग शांतिपर्व

महाभारताच्या अठरा पर्वांत स्त्रीपर्व अकरावे आणि शांतिपर्व बारावे. या क्रमाकडे जावे तितके लक्ष जात नाही, अशी माझी समजूत आहे. युद्ध संपले, जेत्यांना राज्य मिळाले, तरीही व्यासांनी युधिष्ठिराला सिंहासनावर बसवण्याची त्वरा केली नाही. राजधर्म, आपद्धर्म आणि मोक्षधर्म यांचा तो अथांग उपदेश भीष्मांच्या मुखी घालण्यापूर्वी त्यांनी कुरुकुलातील स्त्रियांना रणभूमीवर आणले, डोळ्यांवर पट्टी बांधून आयुष्य कंठलेल्या गांधारीला दिव्य दृष्टी दिली, आणि पुत्र कोठे पडला, पतीचा तुटलेला हात कोणता, हे शोधीत हिंडणाऱ्या त्या अभागिनींच्या विलापाला एक स्वतंत्र पर्व दिले. त्या पर्वाच्या अखेरीस, गंगेकाठी मृतांना उदक देण्याची वेळ आली तेव्हा, पांडवांपासून जन्मभर दडवलेले कर्णाच्या जन्माचे रहस्य कुंतीने प्रकट केले. राजनीतीने, लोकलज्जेने आणि प्रत्यक्ष युद्धाच्या भयाने जे तिच्याकडून वदवले नव्हते, ते शोकाने वदवले.

आपल्या शास्त्रकारांनी रुदनाचा निषेध केला आहे, असा दाखला कोणी पुढे करील, आणि तो खोटा नाही. आप्तांनी ढाळलेले अश्रू प्रेताला नाइलाजाने प्राशन करावे लागतात, म्हणून रडू नये, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. परंतु त्याच प्रकरणात, थोडे आधी, तिलांजली देऊन पाण्याबाहेर आलेल्या आणि कोवळ्या हिरवळीवर बसलेल्या आप्तांना पुरातन कथा सांगून त्यांचे सांत्वन करावे, असेही सांगितले आहे. अश्रूंना आवर घालू पाहणाऱ्या स्मृतिकाराने दुःखिताला एकटे सोडण्याची मुभा मात्र कोणाला दिली नाही.

आज आपण निषेध तेवढा उचलला आणि सोबत टाकून दिली. दहावे, तेरावे असे सारे विधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उरकण्याची चाल शहरांत रूढ होत आहे. चार दिवसांच्या रजेनंतर कचेरीत परतलेल्या माणसाने पूर्ववत कामाला लागावे अशी अपेक्षा असते. आणि पुरुषाचे डोळे भरून आलेच, तर ‘बाईसारखा रडतोस काय’ हा ठरलेला दटावणीचा शब्द आप्तांच्याच तोंडून निघतो. उत्तररामचरिताच्या तिसऱ्या अंकात, सीतेच्या सहवासाच्या खुणा पाहून वारंवार मूर्च्छित होणारा राम भवभूतीने रंगवला, तो त्याला पौरुषहीन ठरवण्यासाठी खचित नव्हे.

या प्रश्नाचे गांभीर्य मला सर्वाधिक जाणवले ते महामारीच्या काळात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अंत्यसंस्काराला वीसाहून अधिक माणसे जमू नयेत, असा हुकूम निघाला. संसर्गाचे भय खरे होते, त्या हुकुमाविषयी माझी तक्रार नाही. पण कित्येक घरांना वीस माणसांचीही सोबत लाभली नाही. रुग्णालयातून गुंडाळलेला देह परस्पर स्मशानात गेला, मुखदर्शन झाले नाही, समाचाराला कोणी उंबरठा ओलांडला नाही, आणि घरात उरलेली माणसे स्वतःच आजारी असल्यामुळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडूही शकली नाहीत. पुढे निर्बंध उठले, मंगलकार्यांची गर्दी पूर्ववत झाली, बाजारपेठा गजबजल्या. त्या घरांचे राहून गेलेले रडणे मात्र कोणाच्याच हिशेबात आले नाही. आपण त्यांचे स्त्रीपर्व वगळून त्यांच्याकडे थेट शांतिपर्वाची मागणी केली, आणि हा त्यांच्यावरील अन्यायच होय, असे मी निःसंकोच म्हणतो.

त्या वर्षांत ज्यांच्या घरचे माणूस गेले आणि ज्यांना तुम्ही केवळ दूरध्वनीवरून धीर दिला, त्यांच्याकडे अजूनही जाता येईल. विलंब झाला म्हणून संकोचू नका. गेलेल्या माणसाचे नाव आपण होऊन काढा, त्याची हकीकत विचारा, आणि समोरच्याचे डोळे भरून आले तर विषय बदलू नका. जवळ बसून राहा.