मॅच जवळ आली? मग सराव कमी करा!

फायनल दोन दिवसांवर आली आहे आणि कोच म्हणतात, ‘‘आज फक्त पाऊण तास खेळा.’’ मुलगा घरी लवकर आला तर तुम्हालाही वाटेल, आत्ताच तर जास्त सराव करायला हवा! पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये नेमकं हेच करतात. त्याला ‘टेपरिंग’ म्हणतात.

सरावाने शरीरात दोन गोष्टी साठतात, ताकद आणि थकवा. सराव कमी केला की थकवा काही दिवसांत उतरतो, पण कमावलेली ताकद इतक्या लवकर जात नाही. मॅच नेमकी या ताज्या दिवसांत यावी, यासाठी सगळं नियोजन असतं.

आठवडा कसा आखतात?

एका मॅचमध्ये खेळाडू साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो. स्नायूंमधला ऊर्जेचा साठा भरून यायला २ ते ३ दिवस लागतात. म्हणून रविवारी मॅच झाली की सोमवारी हलका व्यायाम, मंगळवारी सुट्टी, बुधवार-गुरुवारी कठीण सराव, शुक्रवारी कमी आणि शनिवारी अगदी थोडा, पण चपळ. मोठ्या स्पर्धेआधी एक-दोन आठवडे सराव जवळजवळ निम्मा करतात. लक्षात ठेवा, वेळ कमी करायचा, वेग नाही.

थकवा मोजायचा कसा?

मोठे क्लब खेळाडूंना जीपीएस लावलेलं बनियन घालतात. पण एक बिनखर्चाची पद्धतही आहे. सरावानंतर अर्ध्या तासाने विचारा, ‘‘० ते १० मध्ये किती कठीण गेलं?’’ त्या आकड्याला मिनिटांनी गुणा. ९० मिनिटं आणि ७ गुण, म्हणजे ६३०. ४५ मिनिटं आणि ४ गुण, म्हणजे फक्त १८०.

विश्रांती मिळाली नाही तर?

२००२च्या वर्ल्डकपनंतर संशोधकांनी युरोपियन क्लबच्या खेळाडूंचा अभ्यास केला. अपेक्षेपेक्षा वाईट खेळलेल्यांनी स्पर्धेआधीच्या १० आठवड्यांत सरासरी १२.५ मॅच खेळल्या होत्या, तर अपेक्षेपेक्षा चांगलं खेळलेल्यांनी ९. त्याच वर्षी झिदान १५ मे रोजी चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला आणि २६ मे रोजी सराव सामन्यात त्याची मांडी दुखावली. पहिल्या दोन मॅच तो बाहेरच होता. गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता पहिल्याच फेरीत घरी परतला. कारणं अनेक असतील, पण दमलेलं शरीर नाव आणि कीर्ती पाहत नाही.

तुमच्या घरातही कोणी खेळत असेल तर मोठ्यांचं वेळापत्रक मुलांवर जसंच्या तसं लादू नका. फक्त रोजचा आकडा वहीत लिहा. गेल्या आठवड्यात ५ वाटलेला सराव आज ८ वाटत असेल, तर उद्या त्याला खुशाल झोपू द्या. दुखणं मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.