थंड पाण्यांतला कोरडा पोशाख

आपल्या एकत्र कुटुंबांत कपडा नेहमीं थोडा वाढता शिवितात. थोरल्याचा सदरा धाकट्याकडे, धाकट्याचा चुलत भावाकडे, आणि शेवटीं त्याचेंच फडकें स्वयंपाकघरांत, असा एका कापडाचा प्रवास आम्हीं आमच्या घरींही पाहिला आहे. ही काटकसर हंसण्याजोगी नाहीं; तिच्याच बळावर कित्येक घरांतील मुलें शिकून मोठीं झालीं. परंतु प्रत्येक सद्‌गुणाला त्याचें क्षेत्र असतें, आणि तें ओलांडलें कीं तोच सद्‌गुण घातक होतो. ह्या महिन्याचा विषय अशाच एका कपड्याचा आहे. मात्र तो आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल.

सांगलीकडील एका वाचक भगिनींचें आम्हांस पत्र आलें आहे. त्यांची पुतणी स्कॉटलंडांत सागरी जीवशास्त्राचा अभ्यास करीत आहे. समुद्राच्या तळाशीं जाऊन तेथील जीवसृष्टि पाहणें हा त्या अभ्यासाचाच भाग असल्यामुळें तिला ‘ड्रायसूट’, म्हणजे खोल बुडी मारली तरी अंग कोरडें ठेवणारा पोशाख, घ्यावयाचा आहे. अशा पोशाखाची किंमत साधारण पांचशें पौंडांपासून दोन हजार पौंडांच्याही पलीकडे जाते. तिचा चुलत भाऊ इंग्लंडांत नोकरीस असून त्यालाही बुड्या मारण्याचा छंद आहे. तेव्हां भावाच्या मापाचा एकच पोशाख घ्यावा आणि तो दोघांनीं आळीपाळीनें वापरावा, असा आजोबांनीं निवाडा दिला. मुलीनें नकार कळविला. घरांत आतां तिला हट्टी म्हणतात. खरोखर ती हट्टी आहे काय, असा त्या भगिनींचा प्रश्न आहे.

उत्तर देण्यापूर्वीं पाणी काय करतें तें पाहिलें पाहिजे. आमच्या नृसिंहवाडीस पौष-माघांत पहाटे कृष्णेंत उतरणारा यात्रेकरू दोन बुड्या मारून, अर्घ्य देऊन, लगबगीनें वर येतो. एवढ्यानेंच त्याचे दांत वाजूं लागतात. ह्याचें कारण असें कीं, हवेपेक्षां पाणी अंगांतील ऊब सुमारें पंचवीसपट वेगानें ओढून नेतें. स्कॉटलंडच्या किनाऱ्याचा समुद्र हिंवाळ्याच्या अखेरीस सुमारें ७ अंशांवर, तर उन्हाळ्याच्या अखेरीस १४ अंशांच्या आसपास असतो. अशा पाण्यांत आपली पुतणी दोन बुड्या मारून वर यावयाची नाहीं. अर्धा-पाऊण तास तिला तळाशीं काम करावयाचें आहे. थंडीनें प्रथम बोटें बधिर होतात. ज्याचीं बोटें वळत नाहींत त्याला पट्ट्याचें कुलूप सोडवितां येत नाहीं, हवेची कळ दाबतां येत नाहीं; आणि पुढें विचारही मंदावतो. शल्यपर्वांतील दुर्योधन पाण्याचें स्तंभन करून द्वैपायन डोहांत सुखानें बसला होता. आपल्या मुलांपाशीं ती विद्या नाहीं. त्यांना पोशाखावरच विसंबावें लागतें.

बुडी मारण्याचे पोशाख दोन जातींचे आहेत. पहिला ‘वेटसूट’. हा निओप्रीन नांवाच्या, बुडबुड्यांनीं भरलेल्या रबराचा असतो. त्यांत थोडें पाणी शिरतें, अंगाच्या उबेनें कोमट होतें, आणि तें आंतच अडकून राहतें. परंतु खोल गेल्यावर पाण्याच्या दाबानें ते बुडबुडे चेपतात, रबर पातळ होतें, आणि जेथें ऊब अधिक हवी तेथेंच ती कमी पडते. शिवाय वर आल्यावर होडींतील वारा ओल्या अंगाला झोंबतो तो निराळाच. दुसरा ‘ड्रायसूट’. ह्यांत मानेशीं व मनगटांशीं घट्ट पट्ट्या असतात, पायांचे बूट किंवा मोजे पोशाखालाच जोडलेले असतात, आणि चेन पाणी आंत येऊं देत नाहीं. अंग व पाणी ह्यांच्यामध्यें कोरडी हवा राहते. ७ ते १४ अंशांच्या पाण्यांत वारंवार उतरणाराला हाच पोशाख योग्य.

ड्रायसूटांतही भेद आहेत. एक जाड निओप्रीनचा. तो स्वतःच कांहीं ऊब देतो आणि अंगाबरोबर ताणला जातो, पण जड असतो, सावकाश वाळतो, आणि खोलींत चेपण्याचा दोष त्यालाही लागूच. दुसरा त्रिपदरी कापडाचा. ह्याची कल्पना जुनीच आहे: चार्ल्स मॅकिंटॉश ह्यानें १८२३ सालीं दोन कापडांच्या मध्यें रबर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचें पेटंट घेतलें. आजच्या त्रिपदरी कापडांतही बाहेर व आंत बळकट कृत्रिम वस्त्र आणि मध्यें रबराचा थर असतो. तें हलकें असतें, लौकर वाळतें, फाटल्यास ठिगळ लावतां येतें. मात्र तें स्वतः ऊब मुळींच देत नाहीं. ऊब आंतील वस्त्रानें द्यावयाची.

आणि हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. बाहेरचें कवच एक, आंतील वस्त्रें दोन. हिंवाळ्यांत जाड, उन्हाळ्यांत पातळ. पोशाख तोच, ऋतु निराळा. एकाच पोशाखावर वर्षभर निभवावयाचें असेल तर आमचें मत त्रिपदरी कापडाकडे आहे. आंतील वस्त्रासंबंधीं एक सूचना आपल्या घरांतील वडील स्त्रियांना सहज पटेल: सुती वस्त्र घालूं नये. सूत घाम पितें, ओलें राहतें आणि गार पडतें. लोंकर किंवा त्यासाठीं मुद्दाम विणलेलें कृत्रिम वस्त्र दमट झालें तरी ऊब राखतें. सोंवळ्याची धाबळी लोंकरीचीच असे. थंड सकाळीं ती नेसून स्वयंपाक करणाऱ्या आजीला हा गुण पुस्तकांत वाचावा लागला नव्हता.

आतां मापाचा प्रश्न, म्हणजे आजोबांच्या निवाड्याचा प्रश्न. समुद्रांत १० मीटर खोल गेलें कीं दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि पोशाखांतील हवा निम्म्या जागेंत मावते. कापड अंगाला चिमटे घेऊं लागतें. म्हणून छातीवर एक झडप असते; तिच्यांतून टाकींतील हवा थोडी थोडी आंत सोडतात. वर येतांना उलट होतें: तीच हवा फुगते, आणि ती दंडावरील दुसऱ्या झडपेनें बाहेर सोडावी लागते. पोशाख ढगळ असेल तर आंत अधिक हवा मावते. डोकें खालीं आणि पाय वर झाले कीं ती सारी पायांकडे धांवते, पाय फुग्यासारखे वर ओढले जातात, बूट निसटूं पाहतात, आणि दंडावरील झडप खालीं राहिल्यामुळें हवा बाहेर पडत नाहीं. मग बुडी मारणारा आपल्या इच्छेविरुद्ध वेगानें वर फेंकला जातो. असें एकदम वर येणें फुप्फुसांस व रक्तास अपायकारक असून त्यांत प्राणही जाऊं शकतो. भावाच्या मनगटाची पट्टी बहिणीच्या मनगटावर सैल बसून बर्फासारखें पाणी आंत शिरेल, ही त्या मानानें लहान आपत्ति.

तेव्हां आमचें उत्तर स्पष्ट आहे. मुलगी हट्टी नाहीं. तिचें म्हणणें बरोबर आहे. आजोबांचा हेतु थोर आहे, पण सदऱ्याचा नियम त्यांनीं जेथें लावूं नये तेथें लावला. हा कपडा नसून श्वासाचें यंत्र आहे असें मानावें. आणि एकाचा चष्मा दुसऱ्यानें लावावा असें तर आपणही सांगत नाहीं. काटकसर करावयाचीच असेल तर शिशाचीं वजनें, हवेची टाकी, दिवा ह्या वस्तूंत करावी. त्या भाड्यानें मिळतात किंवा भावंडांना वाटून वापरतां येतात.

खरेदीच्या वेळीं मुलीनें काय पाहावें तें क्रमानें सांगतों. सर्वांत जाड आंतील वस्त्र घालूनच पोशाख चढवून पाहावा. मग उकिडवें बसावें, दोन्ही हात डोक्यावर न्यावे, छातीवर हातांची घडी घालावी, आणि पाठीमागील टाकीच्या झडपेपर्यंत हात पोहोंचतो कीं नाहीं तें पाहावें. कोठें ओढ बसूं नये, आणि पायांशीं झोळही राहूं नये. स्त्रियांच्या बांध्याचे पोशाख निराळे मिळतात, तेच मागावे. चेन खांद्यामागें असेल तर ती लावण्यास दुसऱ्याचा हात लागतो; समोरून तिरकी असेल तर स्वतःला लावतां येते. परगांवीं एकटें राहणाऱ्या मुलीला दुसरी बरी. मान व मनगटांच्या पट्ट्या लॅटेक्सच्या असल्या तर मऊ व स्वस्त, पण फाटण्यास सोप्या. कांहीं लोकांच्या त्वचेला त्या सोसत नाहींत. सिलिकोनच्या पट्ट्या कड्यावर बसविलेल्या असल्या तर घरच्या घरीं बदलतां येतात. पट्टी चढवितांना बांगड्या, अंगठ्या काढून ठेवाव्या, नखें कापलेलीं असावीं, आणि लांब केंस मानेच्या पट्टींत अडकूं देऊं नयेत. एक बट अडकली तरी तेवढ्या वाटेनें पाणी आंत येतें.

वापरलेला पोशाख घेण्यास हरकत नाहीं, परंतु चेन व पट्ट्या नीट तपासाव्या. पट्ट्या बदलणें फार खर्चाचें नाहीं; चेन बदलणें बरेंच महाग पडतें. प्रत्येक वेळीं गोड्या पाण्यानें धुऊन, उन्हांत न टाकतां सांवलींत वाळवावा. आणि शेवटची गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची: ह्या पोशाखाचें निराळें शिक्षण असतें. शिक्षकाच्या देखरेखीखालीं उथळ पाण्यांत पाय वर होण्याची चूक मुद्दाम करून ती सुधारण्याचा सराव करावा, मगच खोल जावें. पोशाखासाठीं पैसे काढतांना ह्या शिक्षणाचे पैसेही त्यांतच धरावे.

हा पोशाख सर्वत्र चालतो असें मात्र नव्हे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत पाणी बहुधा २५ अंशांच्या वरच असतें. तेथें पातळ वेटसूट पुरतो, आणि जाड आंतील वस्त्रासह ड्रायसूट घातला तर माणूस उकडून जाईल. आमच्या गांवाला २००५, २०१९ आणि २०२१ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांनीं वेढलें. अशा गढूळ, घाण पाण्यांत तळाशीं शोध घेणाऱ्या पाणबुड्यांना अंग झांकणारा रबरी कोरडा पोशाख उपयोगी पडतो, कारण त्या पाण्याचा स्पर्शच रोगाचा असतो. परंतु होडींत बसणाऱ्या तुम्हां-आम्हांला हवें तें जीवरक्षक जाकीट. आणि तेंही ज्याच्या त्याच्या मापाचें, कारण मोठ्याचें जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतें. दक्षिणद्वाराच्या वेळीं भरल्या पाण्यांत पोरांना घेऊन उतरणाऱ्या आईबापांनीं ही गोष्ट विसरूं नये.

पाण्यापाशीं राहणाऱ्या लोकांना एक गोष्ट लहानपणींच कळते: नदी कोणाचा मान राखीत नाहीं, ना वयाचा, ना नात्याचा. समुद्रही तसाच. म्हणून त्या सांगलीच्या घरांतील आजोबांना आमची नम्र विनंति अशी कीं, त्यांनीं निवाडा फिरवावा, आणि तो नातीला स्वतःच्या हातानें लिहून कळवावा. पोशाख तिच्या मापाचा, तिच्या नांवाचा असूं द्यावा. आजोबांनीं आपण होऊन दिलेल्या परवानगीनें ती पाण्यांत उतरेल, तर तेथें एकटी असूनही तिला घर आपल्या पाठीशीं आहे असें वाटेल.