सीलरच्या डागावर अ‍ॅसिड नको!

टाइल्सच्या सांध्यांवर सीलर लावल्यानंतर जास्तीचे वेळेत पुसले नाही, तर टाइलवर पांढुरका थर वाळून बसतो. मग मिस्त्रीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे एकच उपाय सांगतात, "अ‍ॅसिड टाका!" हा सल्ला साफ चुकीचा आहे.

अ‍ॅसिड सिमेंट खाते. सीलरचा राळेसारखा थर त्याला सहसा दाद देत नाही. म्हणजे डाग तसाच आणि सांधे पोखरलेले. संगमरवराची चकाकी तर जाते.

खरा धोका पुढे आहे. डाग निघत नाही म्हणून काही जण वर ब्लीचिंग पावडर टाकतात. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू! तो हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे बंद बाथरूममध्ये वाकून घासणाऱ्याच्या छातीत आधी शिरतो. फुप्फुसांना सूज काही तासांनंतरही येऊ शकते.

त्यापेक्षा आधी कोमट पाणी आणि नायलॉनची मऊ घासणी वापरा. नाहीच निघाले, तर सीलरच्या डब्यावर सांगितलेला रिमूव्हर कोपऱ्यात थोडा लावून पाहा. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, जवळपास ज्योत नको.

वायूने घसा जळजळला किंवा धाप लागली, तर लगेच मोकळ्या हवेत जा, डोळे भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. दम्याच्या रुग्णांनी तर क्षणभरही थांबू नये. टाइल बदलून मिळते, फुप्फुसे नाहीत.